पवनाशन आणि दूध : धरलेल्या सापाच्या आहारासंबंधीचे शब्द व समजुती
(बारामती-इंदापूर टापूच्या संदर्भात)

नुकताच धरलेला साप अन्नाला तोंड लावीत नाही. बांधाच्या कपारीतून वा उंदराच्या बिळातून ओढून काढलेला नाग टोपलीत घातला, म्हणजे तो कित्येक दिवस, क्वचित् कित्येक आठवडे, समोर ठेवलेल्या भक्ष्याकडे पाहतही नाही. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ह्यात नवल असे काही नाही. सापाच्या देहाची ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून असते. देह तापविण्यासाठी त्याला सस्तन प्राण्यांप्रमाणे सतत अन्न जाळावे लागत नाही. आणि अख्खे गिळलेले एक भरपूर भक्ष्य त्याला आठ-दहा दिवस, थंडीच्या दिवसांत त्याहूनही अधिक काळ पुरते. त्यात पकडले जाण्याची भीती, अनोळखी जागा व वारंवार होणारी हाताळणी ह्यांची भर पडली, की तो खाणे सोडतो. बळजबरीने भरविलेले किंवा खाल्ल्यावर लगेच हाताळले गेल्यामुळे ढवळलेले अन्न तो ओकूनही टाकतो. कात टाकण्याच्या सुमारास डोळ्यांवर निळसर सावट आले असता तर मोकळा सापही सहसा शिकार करीत नाही.

ह्या एका साध्या गोष्टीभोवती आपल्याकडे दोन परस्परविरुद्ध समजुती वाढल्या. संस्कृत कोशकारांनी सापाला वारा खाऊन जगणारा ठरविले. मराठी गृहस्थाने त्याला दूध पिणारा ठरविले. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत हे शाळकरी मुलालाही आज शिकविले जाते. परंतु त्या चुकीच्या आहेत एवढे सांगून इतिहासाचे काम संपत नाही. त्या कोणी, कोणत्या सापाकडे पाहून बनविल्या, हा खरा प्रश्न होय. मोकळ्या सापाला खाताना फारच थोडी माणसे पाहतात. ज्या सापाला माणसे जवळून व दीर्घकाळ पाहत आली, तो टोपलीतला साप होता. तेव्हा ह्या दोन्ही समजुती रानातल्या सापाविषयी नसून धरलेल्या सापाविषयीच्या साक्षी आहेत, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

अमरकोशात सापाची जी नामावली आहे तिच्या शेवटी 'पवनाशन' हा शब्द येतो. त्याच नामावलीत 'बिलेशय', 'जिह्मग', 'गूढपाद्', 'दर्वीकर', 'चक्षुःश्रवा' ही नावेही आहेत. ह्यातील बहुतेक शब्द डोळसपणे बनविलेले आहेत. पळीसारखा फणा काढणारा तो दर्वीकर. बिळात निजणारा तो बिलेशय. वाकडातिकडा जाणारा तो जिह्मग. 'चक्षुःश्रवा', म्हणजे डोळ्यांनी ऐकणारा, हा शब्द वरवर पाहता कविकल्पना वाटतो. पण गारुड्याच्या पुंगीपुढे डोलणारा नाग ज्याने पाहिला असेल त्याला तो सहज उलगडतो. सापाला बाहेरचा कान नाही. जमिनीतून येणारे कंपन व काही खालचे स्वर त्याला जाणवतात, म्हणजे तो अगदीच बहिरा नव्हे. तथापि पुंगीपुढे तो डोलतो तो सुराने नव्हे, तर पुंगीच्या हालणाऱ्या टोकावर नजर खिळवून, ते टोक म्हणजे आपला शत्रू असे समजून. हे ज्याने टिपले त्याने 'डोळ्यांनी ऐकणारा' असे म्हणावे हे स्वाभाविकच आहे. 'पवनाशन' शब्दाचीही जात हीच दिसते. महिना महिना न खाता जिवंत राहणारा, मधून मधून अंग फुगवून फुत्कार टाकणारा प्राणी पाहून, हा वाऱ्यावर जगतो, असा निष्कर्ष काढणारा मनुष्य निरीक्षणात कमी नव्हता. त्याचे अनुमान तेवढे चुकले.

निरीक्षणाची ही परंपरा वैद्यकात अधिक काटेकोर होती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे दर्वीकर, मंडली व राजिमान् असे वर्ग केले आहेत. पहिल्यात नाग, दुसऱ्यात अंगावर मंडले असणारी घोणसीची जात आणि तिसऱ्यात पट्ट्यापट्ट्यांचे साप सहज ओळखता येतात. पट्ट्यांचे साप रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, मंडली उरलेल्या रात्री व दर्वीकर दिवसा हिंडतात, असेही तेथे सांगितले आहे. रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार चावते, हे ऊसतोड मजुरांच्या कोपीत आजही अनुभवास येणारे सत्य ह्या नोंदीशी ताडून पाहण्यासारखे आहे.

ह्या संस्कृत शब्दांचा बारामतीशी एक वाङ्मयीन संबंधही आहे. मोरोपंत (१७२९-१७९४) पन्हाळ्याहून येऊन बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस स्थायिक झाले व तेथेच त्यांनी आपली बहुतेक रचना केली. महाभारताची कथा जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितली गेली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या कथेला आर्यावृत्ताचा वेष देणाऱ्या ह्या कवीमुळे पंडिती परंपरेतील सर्पवाचक शब्द कऱ्हाकाठच्या ह्या गावात घरगुती झाले असतील. पण त्याच गावाच्या बाजारात, पुराणिकाच्या शब्दांशी काडीचा संबंध नसलेला, सापाचे दुसरे एक शास्त्र खांद्यावरच्या कावडीतून फिरत होते. ते गारुड्याचे.

'गारुडी' हा शब्द गरुडापासून आला आहे. गारुड म्हणजे विष उतरविणारा गरुडमंत्र. तो जाणणारा तो गारुडिक, प्राकृतात गारुडिअ, मराठीत गारुडी. म्हणजे मुळात हा शब्द साप खेळविणाऱ्याचा नसून विष उतरविणाऱ्याचा आहे. संस्कृतात हे दोन धंदे वेगळे ओळखले जात. अमरकोशात विषवैद्याला 'जांगुलिक' व साप धरणाऱ्याला 'व्यालग्राही' अथवा 'अहितुंडिक' म्हटले आहे. 'मुद्राराक्षस' नाटकात राक्षसाचा हेर विराधगुप्त 'जीर्णविष' नावाच्या आहितुंडिकाच्या वेषात येतो; साप खेळविणाऱ्याला कोणत्याही दारात शिरता येत असे, हे त्यावरून कळतेच, शिवाय 'विष जिरलेला' हे नाव नाटककाराने त्याला उगाच दिलेले दिसत नाही. 'अहितुंडिक' म्हणजे सापाच्या तोंडाशी खेळणारा. धंद्याचे सारे मर्म ह्या शब्दात आहे, कारण साप बाळगणाऱ्याची अडचण तोंडापाशीच सुरू होते: दातांपासून स्वतःला वाचवावयाचे आणि त्याच तोंडात अन्न घालावयाचे. मराठीत जांगुलिक व अहितुंडिक दोघेही 'गारुडी' ह्या एका नावाखाली आले, आणि पुढे हातचलाखीचे खेळ करणारा जादूगारही. 'गारूड करणे' हा भुरळ घालण्याच्या अर्थाचा वाक्प्रचार ह्याच प्रवासाची खूण होय.

बारामती व इंदापूर हे तालुके गारुड्याला सोयीचे होते. मुळात हा कमी पावसाचा, कुसळी गवताचा व उघड्या माळांचा मुलूख; दक्षिणेस नीरा, इंदापूरच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा, बारामतीतून कऱ्हा. कडबनवाडीसारखे गवताळ माळ अजूनही त्या जुन्या भूमीची ओळख देतात. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि ह्या माळांच्या मधोमध पाण्याचा व उसाचा एक पट्टा उभा राहिला. पुढे १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर व सोमेश्वर येथील सहकारी कारखाने आले, आणि १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेचे खोरे पालटून टाकले. उसाच्या फडात दाट सावली, ओल व उंदीर-घुशींची बिळे असतात. नाग, घोणस व धामण ह्यांना ह्याहून चांगले काय हवे? कालव्याने शेतकऱ्याला ऊस दिला, उसाने उंदीर पोसले, आणि उंदरांनी साप. माळावरचा फुरसे व कालव्याकाठचा दिवड दोन-चार मैलांच्या अंतराने नांदावेत, अशी ही भूमी झाली.

काळाचीही एक सोय होती. तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी ह्या मार्गाने आषाढात पुढे जाते. आषाढी एकादशीपासून श्रावण शुद्ध पंचमी, म्हणजे नागपंचमी, चोवीस तिथींवर येते. पावसाने बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडण्याचे हेच दिवस. दारोदारी फिरविण्यासाठी गारुड्याने नाग धरावयाचा तो ह्याच सुमारास, आणि पंचमीला तो लोकांपुढे आणावयाचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) ह्या ग्रंथात गावोगाव हिंडणाऱ्या फिरस्त्यांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. गावाच्या उत्पन्नावर पडणारा भार म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची आत्रे यांची दृष्टी आज पटणारी नसली, तरी गाव व फिरस्ता ह्यांच्यातील देण्याघेण्याचा हिशेब समजून घेण्यास तो ग्रंथ अजून उपयोगी पडतो. नागाचे दर्शन हा ह्या हिशेबातील एक व्यवहार होता: घरधनीण सूप भर धान्य, जुने लुगडे, चार पैसे आणि वाटीभर दूध देई.

ते दूध नाग खरोखरच पीत असे. समजूत टिकून राहिली ती ह्यामुळे, आणि ह्याचे कारण कठोर आहे. पंचमीपूर्वी धरलेल्या नागाला पाण्यावाचून ठेवले जाई. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी तोंडाशी येईल तो द्रव पितो. ते दूध आहे की पाणी हे पाहण्याच्या स्थितीत तो नसतो. सापाची पचनसंस्था दुधासाठी बनलेली नाही. दूध पोटात नासते, आणि घाईने ओतलेले दूध श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसे सुजतात. त्याआधी बहुधा त्याचे विषदंत उपटलेले किंवा मोडलेले असत, कधी तोंडही शिवलेले असे. विषदंतांच्या मागे राखीव दातांची रांग असते, त्यामुळे मोडलेल्या दातांच्या जागी काही आठवड्यांत नवे येतात व 'दात काढलेला' नाग पुन्हा घातक होतो. गारुडी दगावल्याच्या कथांमागे पुष्कळदा ही गोष्ट असते. पण त्यापूर्वीच तोंडातील जखम चिघळून साप स्वतःच मरावा, हेच अधिक घडे. फण्यावर वाहिलेले हळदकुंकू डोळ्यांत व खवल्यांच्या फटींत जाई, ते वेगळेच. पूजेत नागाला जे जे अर्पण केले जाई, त्यातील एकही वस्तू त्याच्या उपयोगाची नव्हती.

गारुड्याला हे कळत नव्हते काय? कळत होते, असेच मानावे लागते. जो गारुडी एकच नाग दीर्घकाळ बाळगू इच्छी त्याला दुधावर भागत नसे. तो बेडूक, उंदीर, मांसाचे तुकडे किंवा फोडलेले अंडे ह्यांचा आधार घेई, आणि साप स्वतः खाईना तर मान धरून, जबडा उघडून भरवी. हे भरविणे लोकांपुढे होत नसे. लोकांपुढे होई ते दूध पाजणे. एकाच टोपलीच्या आत एक ज्ञान व बाहेर दुसरे दृश्य, अशी ही वाटणी होती, आणि भाषेने नोंद घेतली ती दृश्याची. मराठीत सापाशी करावयाच्या क्रियांचे शब्द पाहिले तर ते धरणे, खेळविणे, डोलविणे, उतरविणे, सोडणे असे आहेत. खाऊ घालण्याचा रूढ प्रयोग एकच, 'सापाला दूध पाजणे', आणि तोही कृतघ्नाला पोसण्याच्या अर्थाने. साप उलटतो ह्याचा दोष त्याच्या स्वभावाला दिला गेला. दूध हे त्याचे अन्नच नव्हे, हा विचार म्हणीच्या कक्षेत आला नाही. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही गवळीवाड्यांतील समजूतही ह्याच कुळातली. धामणीला चोखण्यास ओठ नाहीत, दात मागे वळलेले व अणकुचीदार आहेत; सडाला तोंड लावले तर गाय जागच्या जागी उभी राहणार नाही. ती गोठ्यात येते ती उंदरांसाठी.

गारुड्याहून निराळी वागणूक सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यास होती, आणि तुलनेसाठी ती ध्यानात घेणे जरूर आहे. तेथे जिवंत नागांची पूजा व मिरवणूक गोरक्षनाथांच्या कथेशी जोडलेली आहे. पंचमीपूर्वी धरलेले नाग मातीच्या मडक्यांत ठेवीत, त्यांना बेडूक-उंदीर घालीत, दात काढीत नसत, आणि उत्सव झाल्यावर जेथे धरले तेथे नेऊन सोडीत. ह्यातही सापाला त्रास होता, हे नाकारता येणार नाही. गर्दी, वाद्ये व दिवसभराची हाताळणी हा काही सन्मान नव्हे. पण शिराळकराला तोच नाग पुढील वर्षी शिवारात हवा होता, गारुड्याला मात्र पंचमी पार पडली की पुरे होते. त्यामुळे एकाच प्राण्याला दोन ठिकाणी दोन प्रकारचा आहार मिळाला. मातीच्या मडक्याची ही पद्धत तमिळनाडूतील इरुळ लोकांतही दिसते. कातडी निर्यातीवर १९७६ साली बंदी आल्यावर त्यांनी १९७८ साली सहकारी संस्था काढली; ते धरलेला साप काही आठवडे मडक्यात ठेवतात, ठरावीक वेळा विष काढून घेतात व त्याला मोकळे करतात. मुंबईत परळ येथे १८९९ साली स्थापन झालेल्या व १९२५ पासून हाफकिन ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत विषप्रतिबंधक लस तयार होऊ लागली, तेव्हा साप जिवंत व धडधाकट ठेवण्याचा प्रश्न प्रयोगशाळेचाही झाला. त्या संस्थेतील देवरस यांचा भारतीय सापांवरील ग्रंथ नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढला; शास्त्रीय माहिती सामान्य वाचकाच्या हाती पोहोचविणाऱ्या पुस्तकांत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र पालटले. नाग, धामण, घोणस, अजगर इत्यादी साप धरणे व बाळगणे हा अपराध झाला. नियम योग्य होता. पण ज्यांच्या हाती सापाचे ज्ञान होते त्यांच्या उपजीविकेची सोय मात्र त्यात नव्हती. इरुळांना जी वाट सापडली ती महाराष्ट्रातील गारुड्यांना सापडली नाही. भटक्या जमातींच्या शासकीय यादीत गारुडी हे नाव राहिले, व्यवसाय राहिला नाही. बाजारातली कावड हळूहळू दिसेनाशी झाली, आणि तिच्याबरोबर टोपलीच्या आतले शब्दही. नवा धरलेला नाग किती दिवस उपाशी ठेवावा, कोणत्या लक्षणांवरून तो खाण्यास तयार झाला असे समजावे, कात येताना त्याला का हात लावू नये, ह्या गोष्टींना त्या लोकांच्या बोलीत नावे असणारच. ती कोणत्याही मराठी कोशात पद्धतशीर गोळा झालेली नाहीत. मराठी भाषाशास्त्राने नाणेघाटच्या शिलालेखापर्यंत मजल मारावी व दारात आलेल्या गारुड्याची बोली तशीच जाऊ द्यावी, ही उणीव लहान नव्हे.

शिराळ्याच्या प्रथेवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंधने आली. २०२५ साली केंद्र शासनाने शैक्षणिक हेतूने मोजके नाग धरण्याची मर्यादित परवानगी दिली. दरम्यान मराठीत एक नवा शब्द रूढ झाला होता: 'सर्पमित्र'. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काढले व पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. त्या काळापासून सुशिक्षित तरुणांचा एक वर्ग ह्या कामाकडे वळला. 'गारुडी' हे जातीचे नाव होते, 'सर्पमित्र' ही स्वेच्छेने घेतलेली उपाधी आहे. पहिल्याच्या क्रिया धरणे व खेळविणे ह्या होत्या, दुसऱ्याच्या धरणे व सोडणे ह्या आहेत. मधले पाळणे गळून पडल्यामुळे खाऊ घालण्याचा प्रश्नही मिटला, असे वाटण्याचा संभव आहे. तसे झालेले नाही.

बाळगण्यासाठी आजही चोरून धरला जाणारा एक साप आहे, तो मांडूळ. भुसभुशीत, कोरड्या मातीत राहणारा, शेपटी तोंडासारखीच आखूड व बोथट असल्याने 'दुतोंड्या' म्हणविला जाणारा हा निर्विष प्राणी पुणे-सोलापूरच्या माळांवर आढळतो. गुप्तधन दाखवितो, भाग्य आणतो, अशा थापांवर त्याची खरेदीविक्री चालते आणि वजन जितके जास्त तितकी किंमत मोठी असे मानले जाते. त्यामुळे त्याच्या पोटात काहीबाही कोंबण्याचे प्रकार घडतात. नागाच्या दुधामागे निदान श्रद्धा होती.

दुसरा प्रश्न सोडण्याचा आहे. भारतात २००० ते २०१९ ह्या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला; उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला ही संख्या परकी वाटणार नाही. त्यामुळे फडात किंवा गोठ्यात निघालेला नाग शक्य तितका लांब नेऊन सोडावा, अशी गावाची मागणी असते व पुष्कळदा ती मानली जाते. पण साप आपल्या ओळखीच्या बिळांवर, पाणवठ्यांवर व उंदरांच्या वाटांवर जगतो. दूरच्या माळावर सोडलेला साप सैरावैरा फिरतो, उघड्यावर येतो व त्याचे जगणे अवघड होते, असे रेडिओयंत्रे बसवून केलेल्या अभ्यासांत अनेक ठिकाणी दिसून आले आहे. कालव्याकाठच्या उसातला नाग कडबनवाडीच्या गवतात नेऊन ठेवला, तर तो मोकळा असूनही टोपलीतल्यासारखाच उपाशी राहू शकतो. जेथे धरला तेथेच सोडावयाचा, हा शिराळ्याचा जुना नियम होता. वस्तीपासून थोड्या अंतरावर, पण त्याच शिवारात सोडावे, असे आताचे जाणकार सांगतात.